बारा-तेराचा पाना

रत्नागिरीच्या शोरूममध्ये नवी गाडी उभी होती,
पांढरी, सीटवर अजून प्लास्टिक.
पोरगा म्हणाला, मॅडम, आत बसून बघा.
म्हटलं, बसून नाही, मला आडवं होऊन बघायचंय.
मॅनेजरला विचारून येतो म्हणाला
आणि आलाच नाही.
पर्समध्ये सुंभाची दोरी होती,
माझ्या उंचीला गाठ मारलेली.
ती तिथे बाहेर काढायची लाज वाटली.

जुनी आहे तवसाळला,
धक्क्याच्या चढावर, हमीद मेस्त्रींच्या फणसाखाली.
चौऱ्याण्णवची मॅटाडोर. आधी बेकरीची होती.
निळ्या रंगाखालून अजून वाचता येतं:
नानकटाई, टोस्ट, खा
आणि मग दाराची कडी.
तापलेल्या पत्र्याला आतून खारीचा वास येतो,
किंवा मला तसं वाटतं.

जुनं ते सोनं म्हणणाऱ्याने
समुद्राकाठचं लोखंड पाहिलेलं नसतं.
इथे खिडकीचे गज, सायकल, पंख्याची पाती,
वारा सगळं चाटून बारीक करतो.
एकतीस वर्षं मी पोस्टाच्या लाल पेटीची किल्ली सांभाळली.
दर दिवाळीला रंग,
शिमग्यापर्यंत पोपडे.

मेस्त्रींनी रुमालात लोहचुंबक गुंडाळून दिलं.
फिरवा, म्हणाले. चिकटेल तिथे पत्रा, घसरेल तिथे पुट्टी.
डाव्या चाकावर घसरलं.
दाराखाली घसरलं.
खिडकीपाशी असं बसलं
की दोन्ही हातांनी ओढावं लागलं.

मग दोरी काढली. मावली.
वर चार बोटं उरली.
आडवी झाले. कुशीजवळ तळाला
दोन रुपयांएवढं भोक,
त्यातून खालचा जांभा
आणि एक मुंगळा, कामावर निघालेला.

भाचा निनाद फोनवर विचारतो,
मावशी, एअरबॅग किती?
मला बॅग म्हटलं की अजून
टपालाची खाकी थैलीच दिसते, लाखेचं सील लावलेली.
वहीत दोन रकाने आखलेत: हप्ते, विमा, पासिंग, मायलेज.
बेरीज रोज वेगळी येते.

नवीच घ्या, बाय, मेस्त्री म्हणाले.
हिच्यावर माझे वर्षाला वीस हजार सुटतील, तरी सांगतो.
नवीला काही झालं तर?
लाल दिवा लागेल. लॅपटॉपवाला पोरगा येईल.
हेदवीच्या सड्यावर, रात्री दोनला?
सकाळी येईल.
आणि हिला काही झालं तर?

त्यांनी ग्लासातला चहाचा गाळ
फणसाच्या मुळाशी ओतला.
हिला मी येईन. पण मी एकाहत्तरचा.
गंज दोघींना आहे, बाय.
हिचा दिसतो, तिचा यायचाय,
आणि तिसरा आहे तो माझ्या गुडघ्यात.

हा रकाना मी आखलाच नव्हता.

मग शिकवा, म्हटलं.
काय?
पाइपातली हवा काढायला. तिथूनच सुरू करू.
ते हसले नाहीत, हे बरं झालं.
म्हणाले, हात काळे होतील.
मी तळवे पुढे केले.
निवृत्तीला आठ महिने झाले,
तरी शिक्क्याची शाई अंगठ्याच्या रेषेत आहे.
दुसऱ्या कुणाला दिसत नाही.
त्यांनी चष्मा पुसला, पाहिलं,
आणि बारा-तेराचा पाना हातात ठेवला.

चारची फेरीबोट धरायची होती.
पलीकडे जयगड, तिथून एसटी,
शोरूम सातला बंद, टोकन भरायचा आजचा शेवटचा दिवस.

डावीकडे, बाय. उजवीकडे तो आवळतो.

खाली धक्क्यावर भोंगा वाजला.
नट अजून हलला नव्हता.