रात्रपाळीची यादी

स्विचबोर्डच्या वर भिंतीवर एक यादी,
सेलोटेप पिवळा पडलेला, कोपऱ्यात कॉफीचा डाग.

सोल्वेग ऊने, ल्युथेरन. शाळेच्या खानावळीतून निवृत्त. कधीही उठवा.
मेंडेल झेल्किन, ज्यू. शुक्रवारी दिवस बुडाला की
फोन उचलत नाही, दार वाजवायला माणूस पाठवा.
बुनमी सायावोंग, बौद्ध. मोठ्याने बोला.
अब्दिरिसाक वर्सामे, मुस्लिम. टॅक्सी चालवतो.
थंडीत पहाटे सहा ते साडेसहा सोडून.

यांना पगार नाही.
पार्किंगचा पास आहे, आणि कॅन्टीनमध्ये सूप फुकट,
मंगळवार वगळून. का वगळून, ते कुणालाच माहीत नाही.

शिकवणीत सांगतात त्यांना:
पलंगावर बसू नका. विचारल्याशिवाय प्रार्थना नको.
‘मला समजतं’ असं म्हणू नका.
बाकी देवाचं काम तसं थोडंच निघतं.
एकाची कवळी हरवते, ती धुण्याच्या कपड्यांत सापडते.
एका खलाशाची मांजर घरी उपाशी,
झेल्किन तीन आठवडे जिना चढून तिला मासे घालत होता
आणि हात ओरबाडून घेत होता.

माझ्या स्वतःच्या फॉर्मवर धर्माचा रकाना कोरा आहे.
मी फक्त तारा जोडते.

जानेवारीतली ती रात्र.
सरोवरावरून वारा असा येत होता की
दुलुथचा अख्खा उतार बर्फाने बुजला.
बंदरात धातुकाची जहाजं गोठून उभी.
चौथ्या मजल्यावरून नर्सचा फोन:
आइली कोस्केला, वय एक्क्याण्णव, स्तोत्र मागतेय.
सोल्वेगची गाडी बर्फाखाली, नुसती एरियल वर.
इमारतीत होता एकटा अब्दिरिसाक,
टॅक्सी रॅम्पवर अडकली म्हणून
बाकावर बूट उशाला घेऊन झोपलेला.

तो वर गेला. पाच मिनिटांनी त्याचा आवाज:
‘मला हिचं गाणं येत नाही. सोल्वेगला लाव.’

नियम असा आहे की जोडायचं आणि आपण बाजूला व्हायचं.
मी जोडलं.
बाजूला झाले नाही.

रिसीव्हर त्याने उशीवर धरला असावा,
कारण श्वास आधी आला, चाळणीतून पीठ पडावं तसा,
मग सोल्वेग, झोपेतून उठलेल्या घशाने.
फिन्निश तिला येत नाही, ती नॉर्वेजियनमध्ये गात होती.
चाल तीच.
मधेच म्हातारी दोन शब्द बोलली, सुरात नव्हे,
कुणाला तरी दार लावून घे म्हणावं तशी.

पहिलं कडवं. दुसरं.
दुसऱ्याच्या मध्यावर कुठेतरी
तारेवर एक आवाज कमी झाला.

मी हात तोंडावर ठेवला.
अब्दिरिसाकनेही ऐकलंच असणार, तो तर शेजारी होता.
पण त्याने रिसीव्हर हलवला नाही.
सोल्वेग गात राहिली, तिसरं, चौथं,
ज्या कडव्यात ती नेहमी चुकते तिथे चुकली,
‘थांबा हं’ म्हणाली, आणि परत सुरुवातीपासून घेतलं.
त्याने तेही होऊ दिलं.

मग शांतता. मग ती:
‘झोपली का?’
तो काही बोलला नाही.
स्वयंपाकघरातल्या घड्याळाची टिकटिक मला तिच्याकडून ऐकू आली.
‘अब्दी. कोणत्या कडव्याला?’
‘शेवटच्या,’ तो म्हणाला.
‘पूर्ण ऐकलं तिने.’

मी वायर काढली.

सहा वाजून दहा मिनिटांनी तो खाली आला.
बूट हातात, मोजे ओले,
पेयांच्या यंत्रामागे जिथे भिंत बरोब्बर हवी तशी वळते
तिथे स्वतःचा कोट अंथरला.
तेवढ्यात फोन वाजला: दुसरा मजला, टॅक्सीवाला कुठाय,
रुग्णाच्या मुलाला विमानतळावरून आणायचंय.

मी म्हणाले, लाइन व्यस्त आहे.
यंत्राचा दिवा गुणगुणत होता.
बाहेर नांगराच्या गाडीने पहिली फेरी मारली
आणि वारा तिच्या मागोमाग
रस्ता पुन्हा भरत गेला.