तिसरी टिचकी

ग्वाल्हेरला, कंपूच्या सबस्टेशनात लाइनमन आहे मी.
तार जिवंत की मेलेली,
दिसायला दोन्ही सारख्याच.
ओळखता आलं पाहिजे.
मला येतं. बावीस वर्षं येतंय.

घरी चुकलो.

कैवल्य डोळे मिटमिटायचा.
मग मानेला झटका, डावीकडे,
मग घशात एक बारीक खाकरा,
ताटावर, गृहपाठावर, ऐन आरतीत.
मी म्हणायचो, पुरे झालं नाटक.
एकदा हनुवटी धरली त्याची,
घड्याळ लावून, मिनिटभर.
मान हलली नाही. म्हटलं, बघ, जमतंय की!
सोडला, तर सात झटके लागोपाठ,
रोखलेलं सगळं व्याजासकट.

टीव्हीसमोर कॉलर चावायचा, ओलीचिंब.
त्यावर वृंदा ओरडायची.
हाक मारली की सोडायचा,
खेळायला पळाला की विसरायचा.

आणि सकाळी मी निघालो की
माझ्या पिवळ्या हेल्मेटवर तीन टिचक्या.
टक. टक. टक.
हे मात्र मला फार आवडायचं.
चहाच्या ठेल्यावर भदौरियाला सांगायचो,
बेटा रोज ठोक-बजाके भेजता है.
तिसरी नीट बसली नाही
तर पुन्हा पहिल्यापासून.
कधी नऊ व्हायच्या, कधी एकवीस,
शाळेची रिक्षा खाली हॉर्न देत राहायची,
मी हसत उभा, मान थोडी वाकवून,
त्याचा हात पुरावा म्हणून.

डॉक्टरीणबाईंनी मला काही विचारलं नाही.
त्याला विचारलं.
डोळ्यांचं काय होतं रे?
म्हणाला, शिंक येते ना, तशी डोळ्यांत येते.
थांबवली की जास्त येते.
आणि कॉलर?
कॉलरचं काय? खारट लागते.
आणि टिचक्या?

चपलेनं फरशी घासत बसला.
मग भिंतीवरच्या तक्त्याला सांगावं तसं,
तीन नीट झाल्या नाहीत
तर बाबा खांबावरून पडतील.

आवडतं का तुला ते करायला?
नाही. बोट दुखतं.

म्हणजे नाटक म्हणून ज्याला दटावलं
ते त्याच्या हातात नव्हतं,
आणि माया म्हणून जिच्यापुढे मान वाकवली
ती ड्यूटी होती.
साडेआठ वर्षांच्या पोराची,
माझ्या जिवावर पहारा, बिनपगारी,
आणि सुट्टी फक्त माझ्या सुट्टीला.

बाई म्हणाल्या, मिटमिटण्याकडे लक्ष देऊ नका.
कॉलर सुटेल, नाही सुटली तर शर्ट फाटेल, एवढंच.
टिचक्या हळूहळू. त्याला विचारून.
आणि त्याला सारखं सांगू नका
की काही होणार नाही म्हणून.
एवढंच तर मला सांगता आलं असतं.

सोमवारी दोन, असं त्यानंच ठरवलं.
टक. टक.
तिसरं बोट वाकलं, हवेत थांबलं.
मी मागे बघायचं नव्हतं.
जिन्याच्या सतरा पायऱ्या. पहिल्यांदाच मोजल्या.

माधोगंजला जंपर उडाला होता.
शटडाउन घेतलं, टेस्टर लावला, पुन्हा लावला
(हा नियम आहे, पुस्तकात आहे),
अर्थिंग केलं, चढलो.
अर्ध्या खांबावर माझा हात
आपला आपण हेल्मेटकडे गेला.
एक बोट वाकलेलं.
खालून पोरगा ओरडला, क्या हुआ उस्ताद?
कुछ नहीं, म्हटलं.
हात खाली आणला, पट्ट्याच्या कडीला,
आणि तो तिथे नुसता ठेवायला
बराच वेळ लागला.

सहा वाजता जिन्यात मुद्दाम बूट वाजवले.
दार त्यानंच उघडलं.
मिटमिट, मिटमिट, मान डावीकडे.
बघ, आलो की, असं तोंडावर आलं होतं.
गिळलं.
म्हटलं, भूक लागलीय, काय आहे?

तो माझ्या बुटांकडे बघत राहिला,
एका, मग दुसऱ्या.
मग कॉलर तोंडात धरून
टीव्हीसमोर जाऊन बसला.