दोन-शून्य

दोन-शून्य झालं की मी थर्मासचं झाकण घट्ट लावतो.
पिशवी गुडघ्याशी ओढून घेतो,
चपलेत पाय सरकवतो.
शेजारचा भोईर विचारतो, निघालात?
नाही रे. तयारी असावी.

बोनकोडे स्पोर्टिंग.
कोपरखैरण्याच्या मागच्या अंगाला, खाडीचा वारा येतो त्या मैदानावर
फक्कीच्या रेघा, आणि डाव्या कोपऱ्यात एक उंचवटा
ज्यावरून चेंडू आपल्या मर्जीने उडतो.
उंचवटा दोन्ही संघांना सारखाच, मान्य.
तरी.

एकतीस वर्षं मी तुर्भ्याच्या कांदा-बटाट्यात मापाडी होतो.
काटा कुठे झुकणार
ते गोणी टेकायच्या आधी माझ्या पोटाला कळायचं.
इथेही कळतं.
तिसरा क्वार्टर संपतो, पोरं पाणी पितात,
आणि निकेश मढवी,
जो आत्तापर्यंत मागे वळून बघत नव्हता,
आपलं उघडं मनगट बघतो.
तिथे घड्याळ नाही.
पण बघतो.
झालं मग.

सगळे मागे येतात.
अकराच्या अकरा डीमध्ये, एकमेकांच्या पायात,
हळदीच्या मांडवात पाऊस आल्यासारखे.
चेंडू घ्यायला कोणी नाही, भिरकवायला सगळे,
आणि भिरकावतात तोही सरळ कळव्याच्या दहा नंबरकडे,
जसा काही त्याच्याकडून उसना आणला होता.
पन्नासाव्या मिनिटाला एक.
सत्तावन्नाव्याला पेनल्टी कॉर्नर,
सतविंदर पॅडसकट आडवा, चेंडू त्याच्या काखेतून आत.
तिसऱ्याची वेळ मला माहीत नाही.
तेव्हा मी फाटकापाशी असतो.

यंदा हे पाचव्यांदा.
भोईर म्हणतो, आघाडी आपल्याकडे कुणाची टिकलीय, काका?
आजूबाजूचे हसतात.
मी हसत नाही. मला रात्री झोप लागत नाही.

खरं सांगू का, ऐरोलीविरुद्ध पहिल्याच क्वार्टरात
तीन गोल खाल्ले होते आम्ही,
त्या दिवशी मी काय मजेत होतो!
शेंगदाणे खाल्ले, पंचाला नावं ठेवली,
शून्य-चारने हरलो आणि घरी जाऊन ढाराढूर.
जवळ काही नसलं की
हात कसे मोकळे राहतात.

मग एका रविवारी डिमेलो सर स्वतःच आले खुर्चीपाशी.
काका, एक विनंती. पोरं बिचकतात.
म्हटलं, मी कधी ओरडलोय?
ओरडत नाही हो.
झाकण लावता.
तुम्ही झाकण लावलं की मढवी मला खूण करतो.

काय बोलणार.
मला वाटायचं, मी त्यांना बघतोय.

उरणची मॅच. त्रेचाळिसाव्या मिनिटाला दोन-शून्य.
हात आपोआप झाकणाकडे गेला,
तसाच तो मांडीखाली दाबून बसलो.
दुसऱ्या हाताने कप भरला.
पाणी पिताना निकेशने मनगट नाही बघितलं,
इकडे बघितलं.
मी कप उचलून दाखवला, लग्नात व्याह्याला दाखवावा तसा.
मूर्खासारखा.

दोन-एक.
हललो नाही.
सतविंदरने दोन अडवले, एक दातांनी अडवल्यासारखा.
हललो नाही. पायाला मुंग्या.
एकोणसाठाव्या मिनिटाला दोन-दोन,
तोच उंचवटा, तेच उडणं,
आणि माझ्या तोंडून जे निघालं ते इथे लिहिता येणार नाही.

शिट्टी.
बरोबरी.

काटा मधोमध थांबलेला
मार्केटात मी क्वचित बघितला.
थांबला की हमाल म्हणायचे, मापाडी, काटा अडकलाय, टिचकी मारा.

एक गुण मिळाला काका, भोईर म्हणाला.
हं म्हटलं.
चहात चिलट पडलं होतं, काढून गार चहा प्यायलो.
झाकण काही सापडेना.
भोईरने मोबाइलचा उजेड पाडून चारी खुर्च्यांखाली बघितलं,
पोरं स्टिका गोळा करता करता थांबली, तीही शोधू लागली,
निकेश तर गुडघ्यांवर.
म्हटलं, राहू दे रे.

आता घरी ही विचारेल झाकणाचं.