कारण लिहा

नागपूरहून खोकं आलं.
आत काळ्या फोमच्या खाचेत दोन भिंगं,
डार्टच्या बंदुकीवर बसवायची.
एकात लाल ठिपका, एकात हिरवा.
सोबत कागद: सात दिवस वापरा, एक ठेवा, एक परत.
खाली चौकट. कारण लिहा.

रेंज ऑफिसच्या मागं तणसाचं पोतं टांगलं,
पोरांनी त्यावर कोळशानं वाघ काढला;
कान सशाचे झाले, पण मांडी बरोबर.
सकाळी दहाच्या उन्हात हिरवा जिवंत,
लाल विझत आलेला.
म्हटलं, ठरलं.
दिवेलागणीला तोच हिरवा इतका फुलला
की कान, मांडी, पोतं, सगळं गिळून बसला.
लाल मात्र बिडीच्या टोकाएवढा,
आणि त्याच्या पलीकडे अजून झाडं होती.

एक गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती.
माझा ठिपका गोल नाही.
लाल असला की स्वल्पविराम होतो, शेपटी खाली, डावीकडे.
हिरवा जरा आवरून बसतो.
नागभीडच्या डॉक्टरनं दोष बुबुळाला दिला, बंदुकीला नाही.
चष्मा केला. खिशात असतो.
घातला तर साहेब विचारतील,
आणि बंदूक दुसऱ्याच्या खांद्यावर जाईल.

खोब्रागडे मॅडम म्हणाल्या, हिरवा सेल खातो,
रात्री अडीचला तळोधीत सेल कोण देणार?
ड्रायव्हर म्हणाला, पळस फुलला की लाल कुठं शोधाल?
मी म्हणालो, श्रावणात हिरवा कुठं शोधू?
रैनू कुळमेथे तंबाखू मळत होता.
हात झटकून त्यानं दोन्हींतून पाहिलं.
"एकच तर आहे जी. दोन काहून आणले?"

आम्ही हसलो. तो हसला नाही.
तीस वर्षं मागावर चालणारा माणूस,
मिरचीच्या तोड्याला बायको त्याला वावरात घेत नाही,
लालीबरोबर हिरवीही खुडतो म्हणून.
"मग वाघ?" मॅडमनी विचारलं.
"वाघ हिरवाच रायते ना."
मॅडम थोडा वेळ गप्प. मग म्हणाल्या,
चितळालाही तसाच दिसतो, गवतासारखा.
"मंग बरोबर पायते चितळ.
पट्टा हालला का पळते."

पाचव्या दिवशी फोन. बांधावरच्या तुरीत वाघीण,
गळ्यात क्लच वायरचा फास, खोल गेलेला.
बंदुकीवर हिरवं भिंग होतं.
निवडलं म्हणून नाही,
आदल्या रात्री काढायचं राहिलं म्हणून.

बावीस मीटर. तुरीची पानं, शेंगा, त्यांच्यामागं ती,
आणि ठिपका पानांत विरघळलेला.
मी वाघीण सोडून ठिपकाच शोधत होतो.
मानेमागं तंबाखूचा वास आला.
"रंग काहून पायता? काळ्या पट्ट्यावर ठेवा."

मांडीवरचा मागचा पट्टा.
त्यावर उमटलं काहीतरी,
हिरवं, थोडं वाकडं, पण माझं.
फट्.
गोंडा मांडीवर हलला. ती उठली, धुऱ्यापर्यंत गेली,
अकराव्या मिनिटाला बसली, मग मान टाकली.
मॅडमनी तार कापली.
रैनूनं डोक्याचं फडकं सोडून
तिच्या डोळ्यांवर घातलं,
लेकराला ऊन लागू नये तसं.

सातव्या दिवशी चौकटीत लिहिलं:
हिरवा ठेवतो. दिवसा स्पष्ट दिसतो.
अर्धं खरं होतं, तेवढं चौकटीत मावलं.
परतीचं खोकं रैनूनं बांधलं,
सुतळी दुहेरी, गाठ अशी की नागपूरला सुरी लागावी.
दुपारच्या एसटीनं ते गेलं.

सांजेला उरलेलं भिंग चालू केलं.
लाल.
शेपटी खाली, डावीकडे.

रैनू पायरीवर बसून विचारत होता,
"बरोबर गेलं ना जी?"
"बरोबर," म्हटलं,
आणि खिशातून चष्मा काढला.