उशीर

शहराचं नाव वूच, म्हणजे होडी,
आणि नद्या सगळ्या जमिनीखाली, पाइपात घातलेल्या.
पाऊल टाकावं तिथे खालून काहीतरी वाहतं,
दिसत नाही.
आमचं संगीत कसं होतं असं कुणी विचारलं
तर मी आधी हेच सांगते.

बँडचं नाव कोतारा. जाड पडदा.
बंद पडलेल्या नाट्यगृहाचा एक मिळाला होता,
काळा, मखमली, कसर लागलेला.
त्यातून बोगनाचा झगा निघाला, येजीचा कोट,
उरला तो ढोलांवर टाकला, आवाज दबावा म्हणून.
माझी नखं मात्र खरी काळी.
डाइंग खात्यात सहा ते दोन, हातमोजे फाटके.
पहिल्या रांगेतल्या मुली विचारायच्या, कुठलं नेलपॉलिश?
मी म्हणायचे, सरकारी.

झेनोन ड्रम वाजवायचा, झांजांशिवाय.
झांजा महाग, हे एक. शिवाय त्या चकाकतात.
नुसते पोकळ ठोके,
तळघरातून कुणी दार ठोठावावं तसे.
येजी गिटारवर पाणी चढवायचा, घुमाऱ्यावर घुमारा,
एक तार छेडली की भिंती चारदा उलट बोलत.
बोगना खर्जात. बाईचा एवढा खालचा आवाज ऐकून
तिकिटं फाडणारा म्हातारा छातीवर क्रूस काढायचा.
बेस माझा. चाल सगळी बेसवर,
कारण वर ती कुणी उचलतच नव्हतं.

मग झेनोनला लष्कराचं बोलावणं आलं. दोन वर्षं.
बोगनाच्या मावशीनं पश्चिम बर्लिनहून
बुटांच्या खोक्यात ताल देणारं यंत्र आणलं.
आम्ही त्याचं नाव झेनोन ठेवलं,
त्याच्याच स्टुलावर बसवलं.
ते एकदाही चुकलं नाही.
माझी आई, मागावर बत्तीस वर्षं काढून कान गेलेली,
आली एकदा तालमीला,
स्पीकरवर तळवा ठेवून उभी राहिली,
म्हणाली, तिसऱ्या पाळीचा माग आहे हा.
तेल घाला.

तो मार्चमध्ये परतला, मान भादरलेली.
पूर्ण कार्यक्रमभर मागे रेडिएटरला टेकून उभा.
नंतर कुणाच्याच तोंडून शब्द फुटेना.
त्यानं यंत्रावरची धूळ बाहीनं पुसली.
"बरं वाजवतो," म्हणाला, "फक्त दमत नाही.
तिसऱ्या आणि चौथ्या ठोक्याच्या मध्ये मी दमायचो.
तेवढंच होतं माझ्याकडे."
मग येजीकडून सिगारेट घेतली, दोन घेतल्या,
आणि सोमवारी ट्राम डेपोत कामाला लागला.

यंत्राला दमायला शिकवता येईना.
येजीनं तीन रात्री बटणं दाबली, शिव्या घातल्या.
शेवटी मीच मागे राहू लागले.
तिसरा ठोका जाऊ द्यायचा,
मनात एक जिना चढायचा, कोळशाच्या बादलीसकट,
मग तारेवर बोट.

पुढे लोक त्याला शैली म्हणाले.
कुणी थडगी लिहिली, कुणी धुकं.
धुकं फार आवडतं लिहिणाऱ्यांना.
मी काही बोलले नाही.

परवा तो दिसला, पिओत्रकोव्स्का रस्त्याच्या टोकाला,
केस पिकलेले, हातात बटाट्यांची पिशवी.
ट्राममधून उतरताना
शेवटच्या पायरीवर जरासा थांबला.
माझं बोट कोटाच्या खिशात
थांबलं होतं आधीच.