कलम चौदा

सातपूरला पोचले तेव्हा दुसरी पाळी सुटत होती.
प्रेस शॉपची फरशी धुतलेली, फिनेलचा वास,
आणि खिडकीत न धुतलेला एक डबा,
शेपूची भाजी सुकलेली. कोठुळ्यांचा.

मी विमा कंपनीची. मला रकाने भरायचे असतात.
हत्यार? बत्तीसचा पाना,
कंपनीचाच, रजिस्टरात सही घेऊन दिलेला.
कारण? रजेचा अर्ज, मॅनेजर म्हणाले.
मग म्हणाले, ते नका लिहू.

आपत्ती आराखड्याची फाईल जाड होती:
आग, गळती, भूकंप, गोदेचा पूर
(गोदा इथून कितीतरी लांब).
माणूस कुठेच नव्हता.

बोरस्ते. अकरा वर्षं. मॉक ड्रिलचा शिट्टीवाला.
गेटवरच्या आहेरबाईंनी सांगितलं, न विचारता, हळू:
मारून झाल्यावर त्याने पाना
भिंतीवर रंगवलेल्या पान्याच्या सावलीत
नीट अडकवला.
शिट्टी वाजवली.
सगळ्यांना कडुलिंबाखाली रांगेत उभं केलं
आणि मोजलं.
एकशे बारा. पुन्हा मोजलं.
"एक कमी भरतोय," म्हणाला
आणि मटकन खाली बसला.
पोलीस येईस्तोवर कुणी रांग मोडली नाही.

कोठुळे आडगावला, आयसीयूत. शुद्ध नाही अजून.

कलम चौदा: आराखडा पाळला गेला का?
हो किंवा नाही, एवढीच जागा.
पेन उघडून बसलेय.
बाहेर कडुलिंबाखाली
चुन्याने आखलेली रेघ
अजून सरळ आहे.