बा

अर्धं वर्ष सरल्यावर मला तिसरीत घातलं,
मामाच्या खानापुरात, कानडी शाळेत.
दहा वाजले की पोट दुखायचं.
आई ओवा द्यायची.
मामा म्हणायचा, सोंगं आहेत.

सोंगं नव्हती.
फळ्यावरची अक्षरं
कासाराच्या पेटीतून सांडल्यासारखी,
एकही हातात बसेना.
मधल्या सुट्टीत मी नळाशी,
तहान नसताना पाणी पीत.

पाचव्या दिवशी नीलव्वानं दप्तर सरकवलं,
बाकावर वीतभर जागा केली
आणि म्हणाली, "बा."

आमच्याकडे बा म्हणजे बाप.
माझा कौलांचा कारखाना बंद पडल्यावर
गोव्याला गेलेला, खडी फोडायला.
मी रडायलाच लागले.

ती घाबरली.
ओच्यातली मीठ लावलेली चिंच पुढं केली,
हात हलवत पुन्हा, हळू:
बा. बा.
म्हणजे, ये.

त्या दिवशी तेवढंच कळलं.
बाकीची कानडी नंतर आली,
तिच्याशी भांडता भांडता.

मग ती सौंदत्तीच्या जत्रेला गेली,
चांगली आठवडाभर.
सोमवारी, बरोबर दहाला,
आई पुन्हा ओव्याचा डबा शोधत होती.